घरची बातमी

मंगळवारी सकाळी नगरपालिकेची गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत गल्लीत शिरली आणि टपावरच्या भोंग्यातून आवाज आला, "नागरिकांनी लक्ष द्यावे. उद्या सकाळी पाणीपुरवठा नेहमीप्रमाणे आणि पूर्ण दाबाने होईल. नागरिकांनी पाणी साठवून ठेवू नये."

गाडी वळणावर पोहोचायच्या आत घराघरांतून बादल्या, पातेली, पिंपं बाहेर आली. कोणी चिडलं नाही, कोणी हसलं नाही. एका आजोबांनी साबण लावलेल्या अंगानेच येऊन आधी टाकी भरायला नळ सोडला. दुसऱ्या दिवशी नळाला थेंब आला नाही आणि कुणाचंही काही अडलं नाही.

या शहरात लोकांचा नगरपालिकेवर विश्वास नव्हता, असं म्हणणं अन्यायाचं होईल. विश्वास होता, आणि तो अढळ होता. नगरपालिका सांगेल ते होणार नाही याबद्दल लहानथोरांचं एकमत होतं, आणि नगरपालिकेने तो विश्वास कधी ढळू दिला नव्हता. पूल भक्कम आहे असं जाहीर झालं की लोक लांबच्या रस्त्याने जात. डासांची फवारणी पूर्ण झाली म्हटलं की मच्छरदाण्या खपत. इतका चोख व्यवहार फार थोड्या कचेऱ्यांना साधतो.

गाडी चालवणारा आणि भोंग्यावर बोलणारा माणूस एकच. त्याला पाठीमागे सगळे भोंगेवाला म्हणत आणि तोंडावर भाऊ. कामात तो पक्का होता. वारा घुसू नये म्हणून माइकला रुमाल बांधलेला. दोन गल्ल्या मिळतात तिथे गाडी थांबवायची, कारण चालत्या गाडीतून बोललं की भिंतीवरून परत आलेला शब्द पुढच्या शब्दावर चढतो. आणि क्रियापद सावकाश म्हणायचं. लोक बाकी काही ऐकोत न ऐकोत, 'होईल' की 'होणार नाही' एवढं ऐकतात आणि ते उलटं करून कामाला लागतात.

त्याच्या घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. आईवडील गेल्यावर ताईने त्याला वाढवलं. तिचं स्वतःचं लग्न तेवढ्यात राहून गेलं, ते राहूनच गेलं. तिला दम्याचा त्रास होता, म्हणून ती रस्त्याकडच्या खिडकीत, उजेडात आणि वाऱ्यात बसून समोरच्या शिंप्याच्या शर्टांना काज-बटणं करायची. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत आणि त्याच्या बायकोला मास्तरीण. शिवलेले शर्ट मास्तरीण रस्ता ओलांडून आणून द्यायची आणि बटणं लावलेले घेऊन जायची. या कामाला फार तर पाच मिनिटं लागावीत. पण मास्तर दुपारच्या जेवणासाठी हाका मारमारून थके.

ही खिडकी म्हणजे गल्लीचं खरं माहिती कार्यालय होतं. भाऊ भोंग्यावर काय बोलतो त्याला किंमत नव्हती. भाऊ घरी काय बोलतो त्याला होती.

"ताई, भाऊ घरी काय म्हणतो पाण्याचं?"

ताई दाताने दोरा तोडून सांगायची, "परवा संध्याकाळी सोडतील म्हणतो. तेही थोडंच."

आणि परवा संध्याकाळी थोडंच पाणी यायचं. याला गल्लीत 'घरची बातमी' म्हणत. नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांकडे धुणीभांडी करणारी बाईसुद्धा जाता जाता खिडकीशी थांबायची, आणि ती स्वतःसाठी विचारत नसे.

मग साथ आली. आधी ती दूरच्या देशात होती, मग दूरच्या शहरात, मग शेजारच्या. आपल्या शहरात ती आली त्या दिवशी मोठ्या साहेबांनी भोंग्यासाठी मजकूर दिला: "शहरात तापाचा एकही रुग्ण नाही. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. सर्व व्यवहार सुरळीत चालू ठेवावेत."

संध्याकाळपर्यंत शहर बंद झालं. आयांनी मुलं शाळेतून काढून आणली. दुकानदारांनी शटर अर्ध्यावर ओढून दोरी बांधली. मास्तरने जुन्या चादरी फाडून तोंडाला बांधायच्या पट्ट्या शिवायला घेतल्या, ताईने त्यांना नाड्या लावल्या. लोकांनी एकमेकांच्या घरी जाणं सोडलं, अगदी ज्यांच्याकडे जायचा मुळातच कंटाळा होता त्यांच्याकडेही. परिणाम असा झाला की आसपासच्या शहरांत माणसं पटापट आजारी पडत असताना इथे साथ रेंगाळली. मोठ्या साहेबांचा सत्कार झाला आणि त्यांची वरच्या जागेवर बदली झाली. एका थापेने इतके जीव वाचल्याचं दुसरं उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पण त्या थापेचा हप्ता पुढे फेडावा लागणार होता, आणि तो साहेबांना फेडायचा नव्हता.

साथ रेंगाळली, गेली नाही. जे थोडे आजारी पडले त्यांत मास्तरीण होती. पांढऱ्या गाडीतून आलेल्या माणसांनी तिला गोदामात उघडलेल्या केंद्रात नेलं. तिथे नातेवाइकांना बंदी होती. फोन लावला तर वाजत राही. मास्तर रोज सकाळी भाऊला गाठायचा.

"भाऊ, तू आत कचेरीत असतोस. जरा विचार ना तिचं."

भाऊ विचारायचा. कारकून खिडकीतून मान बाहेर न काढता सांगायचा, "प्रकृती स्थिर."

"खरंच?"

"सगळ्यांना स्थिरच सांगायचंय. वरून आलंय तसं."

एका दुपारी भाऊला केंद्राच्या मागच्या दाराशी पांढऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं की मास्तरीण पहाटेच गेली. नातेवाइकांना सगळं उरकल्यावर सांगायचं होतं, म्हणजे गर्दी होत नाही. भाऊ घरी आला तेव्हा मास्तर दारात उभा राहून तिचे धुतलेले कपडे इस्त्री करत होता, उद्या कुणाबरोबर तरी आत पाठवावेत म्हणून. बाहीच्या चुण्या नीट बसवून त्याने वर पाहिलं.

"काय म्हणाले?"

त्या क्षणी भाऊच्या हातात माइक नव्हता. कागद नव्हता. समोर फक्त मास्तर होता, आणि इस्त्रीची वाफ.

"बरी आहे," भाऊ म्हणाला. आणि एवढं पुरेसं वाटलं नाही म्हणून त्याने पुढे जोडलं, "खायला लागलीये."

हे शेवटचं नगरपालिकेने सांगितलेलं नव्हतं. ती त्याची स्वतःची भर होती. मास्तरच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला. समोरच्या खिडकीतून ताईने ते ऐकलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, "मास्तरीण बरी आहे ग. खायला लागलीये." त्या दिवशी गल्ली जरा मोठ्याने बोलली.

दोन दिवसांनी मास्तरला बोलावणं आलं. मास्तरीण कधी गेली ते त्याला तिथे कळलं. शर्ट देण्याघेण्यासाठी आता त्याची कॉलेजात जाणारी मुलगी रस्ता ओलांडून यायची. ती शर्ट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि उभ्या उभ्या परत जायची. पाण्याचं विचारायलाही खिडकीशी कोणी थांबेना.

नव्या साहेब बाई होत्या. मॅडम तरुण होत्या आणि त्यांना एक विलक्षण खोड होती: त्या खरं बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी भोंग्याच्या मजकुरातून 'घाबरून जाऊ नये' हे शब्द स्वतःच्या पेनाने खोडले. कारकून म्हणाला, "मॅडम, हे कायमचं असतं." मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच."

मग भाऊने आयुष्यात पहिल्यांदा असं काही वाचलं: "नागरिकांनी लक्ष द्यावे. शहरात तापाने माणसे दगावली आहेत. आतापर्यंत हे लपवले गेले, ही आमची चूक आहे. ताप धोकादायक आहे. घरातच राहावे. लस आली आहे, ती सुरक्षित आहे. शाळेच्या इमारतीत येऊन घ्यावी."

त्याने ते मन लावून वाचलं. चूक कबूल करतानाचं वाक्य तर त्याने दोनदा म्हटलं.

लोकांनी नीट कान देऊन ऐकलं आणि शिरस्त्याप्रमाणे उलटं केलं. धोका आहे म्हणतायत, म्हणजे धोका टळला. घरात राहा म्हणतायत, म्हणजे बाहेर पडायला हरकत नाही. त्या संध्याकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेत मात्र लसीच्या खोलीबाहेर बाकं मांडलेली आणि रिकामी. आत सिस्टर बर्फाचा डबा उघडून बंद करत बसलेली. आलं ते एक कुत्रं, आणि तेही सावलीसाठी.

"सुरक्षित असती तर आपल्याला दिली असती होय?" भाजीवाली म्हणाली.

"आणि चूक झाली म्हणतायत," आंघोळवाले आजोबा म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी म्हणाले? काहीतरी मोठं काळंबेरं आहे."

भाऊ मॅडमसमोर जाऊन उभा राहिला. रुमालाने माइक पुसत म्हणाला, "मॅडम, एक सुचवू का? राग मानू नका."

"बोला."

"उलटं लिहून द्या. लस मोजकीच आलीये, फक्त मोठ्या लोकांसाठी आहे, सामान्य नागरिकांनी शाळेकडे फिरकू नये. उद्या सकाळी खिडक्या तोडतील मॅडम, लिहून देतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खरोखरच विचार केला. तो विचार करतानाचा त्यांचा चेहरा बघून भाऊला क्षणभर आशा वाटली.

"आणि दुसऱ्या डोसला काय सांगायचं?"

"ते तेव्हाचं तेव्हा बघू."

"आत्तापर्यंत सगळ्यांनी तेव्हाचं तेव्हाच बघितलंय," मॅडम म्हणाल्या. "मी खोटं देणार नाही. खरं सांगत राहू. कधीतरी बसेल विश्वास."

"कधी बसेल?"

"माहीत नाही."

कचेरीच्या इमारतीत हे दोन शब्द याआधी कोणी उच्चारल्याचं भाऊला आठवत नव्हतं. त्याला या बाईंबद्दल फार आदर वाटला. त्या आदराचा काही उपयोग नव्हता.

"तुमच्या घरी कोण कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"थोरली बहीण. दम्याची आहे."

"त्यांनी घेतली लस?"

"नाही."

"मग आधी तिथे बोला."

भाऊने स्वतः कचेरीतच लस घेतली होती. त्याला दिवसभर कणकण आली, ती गल्लीने पाहिली आणि त्यावर पुरेशी चर्चा केली. तो घरी आला तेव्हा ताई खिडकीत सुईत दोरा ओवत होती.

"ताई, उद्या माझ्याबरोबर शाळेत चल."

"कशाला?"

"लस घ्यायला. मी घेतली, मेलो का? तुझा दमा आहे, तुला तर आधी हवी."

ताईने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, पुन्हा ओवून पाहिलं. "हे भोंग्यावरचं की घरचं?"

"घरचं. शप्पत."

"मास्तरणीचं कुठलं होतं?"

ताईने सुई खाली ठेवली. ती रागावलेली नव्हती, आणि तेच अवघड होतं.

"तू वाईट मनाने नाही म्हणालास, ते मला कळतं रे. मास्तरचं तोंड बघून म्हणालास. पण मी ते खिडकीतून सगळ्या गल्लीला वाटलं. माझ्या तोंडून गेलंय ते."

"ते वेगळं होतं, ताई. हे खरं आहे."

"असेल. पण तू खरं बोलतोयस हे ओळखायची माझ्याकडे काही सोय राहिली नाही. आधी तुझा आवाज घरात शिरला की बदलायचा. आता बदलत नाही. मघाशी 'चल' म्हणालास ते किती सावकाश म्हणालास."

"मग मी काय करू? ओरडू?"

"काही नको करूस. मी गेले तर उद्या गल्ली जाईल. ताईने घेतली म्हणून जाईल. आणि त्यातल्या एकीला जरी काही झालं, तर पुन्हा माझ्या खिडकीतूनच गेलेलं असेल. एकदा पुरे झालं मला."

"आणि तुला काही झालं तर?"

"ते माझं मला होईल," ताई म्हणाली आणि बटण उचललं. "चहा ठेव. साखर कमी टाक, कालचा पाक होता नुसता."

तो चहा ठेवायला गेला. पुढे रोज तो एकदा विचारायचा, ती रोज एकदा मान हलवायची. तिला ओढून नेता आलं असतं का, हा प्रश्न त्याला नंतर फार छळणार होता. पण ज्या बाईने त्याला लहानपणी कान धरून शाळेत नेलं तिला ओढत न्यायचं कसं, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

बाजार भरत राहिला आणि व्हायचं ते झालं. ताप या वेळी रेंगाळला नाही, धावत सुटला. आजोबा गेले. भाजीवालीचा नवरा गेला. मग ताईला खोकला सुरू झाला. आधी तिने तो दम्याच्या नावावर खपवला. भाऊने तिला उचलून गाडीत घातलं, भोंग्याच्याच गाडीत, आणि दवाखान्यात नेलं.

मॅडमनी एक बरं केलं होतं. आता प्रत्येक रोग्याजवळ घरच्या एका माणसाला बसू देत. भाऊ लोखंडी स्टुलावर बसला. ताईच्या तोंडावर नळीचा मास्क होता, तो ती बोलायला बाजूला करायची आणि सिस्टर पुन्हा बसवून जायची.

डॉक्टर बाहेर भाऊला सगळं सांगून गेले होते. या दवाखान्यातही आता खरंच सांगत.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

"औषध चालू आहे म्हणाले."

"मी बरी होईन का रे?"

भाऊने तिचा हात धरला. खरं सांगायची त्याची पूर्ण तयारी होती. बाहेर व्हरांड्यात त्याने तसं ठरवूनच आत पाऊल टाकलं होतं.

"होशील," तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग समजल्यासारखी मान हलवली आणि मास्क बाजूला सारून, मधे मधे थांबत, सांगायला लागली. मास्तरचे शर्ट कपाटाच्या वरच्या खणात आहेत. दोन शर्टांची बटणं राहिलीत, तसेच देऊन टाक, दुसऱ्या कुणाकडून लावून घेईल. गॅस रात्री खालूनही बंद करत जा, तू नेहमी विसरतोस. माझी पांघरुणं कुणाला देण्याआधी उकळून घे.

"ताई, गप्प पड. दम लागतोय."

"आणि बाहेर कोणी विचारलं," ताई म्हणाली, आणि मास्कच्या कडेला तिचे गाल थोडे हलले, ती हसली असावी, "तर खायला लागलीये म्हणू नकोस."

ती त्यानंतर फार बोलली नाही. सकाळ झाली तेव्हा भाऊ स्टुलावर एकटा होता.

चौथ्या दिवशी तो कामावर आला आणि मॅडमकडे परवानगी मागितली. मजकूर त्याने स्वतः तयार केला होता. मॅडमनी तो वाचला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला हे करावं लागणार नाही. कोणी सांगितलेलं नाही."

"म्हणूनच," भाऊ म्हणाला.

गाडी गल्ल्यांच्या तोंडाशी थांबत थांबत शहरभर फिरली. "नागरिकांनी लक्ष द्यावे. मी बोलतो आहे. माझी बहीण तापाने गेली. तिने लस घेतली नव्हती. मी सांगत होतो, तिने घेतली नाही. तुम्ही घ्या." त्याचा आवाज शेवटच्या वाक्यावर फुटला. भोंग्यात फुटलेला आवाज फार कर्कश लागतो.

"बिचाऱ्याला काय काय बोलायला लावतात," भाजीवाली म्हणाली आणि तिने डोळे पुसले. तिचं दुःख खरं होतं. तीही लस घ्यायला गेली नाही.

दुपारी भाऊ शाळेच्या फाटकाशी गाडी लावून उभा होता. बाकं रिकामी होती. दारात मॅडम उभ्या होत्या, त्या आता रोज येऊन उभ्या राहत. तेवढ्यात रस्त्याच्या कडेकडेने मास्तर येताना दिसला, आणि त्याच्याबरोबर मुलगी. मॅडम नकळत एक पायरी खाली उतरल्या.

मास्तर फाटकाशी थांबला. मास्तरीण गेल्यापासून तो भाऊशी बोलला नव्हता.

"हिने हट्ट धरलाय," तो मुलीकडे बघत म्हणाला. "भोंगा ऐकल्यापासून. म्हटलं, आधी तुला विचारावं. समोरासमोर."

"विचारा ना, मास्तर."

"ताईंनी घेतली होती ना लस?"

"नव्हती घेतली."

"गल्लीत म्हणतात घेतली होती. कचेरीतल्यांच्या घरी आधी मिळाली असणार. त्यानेच गेल्या, आणि आता तुला उलटं बोलायला लावलंय."

"नव्हती घेतली, मास्तर. रोज विचारत होतो तिला. घेतली असती तर आज कदाचित असती."

मास्तरने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. कापड हातात घेऊन वीण बघावी तसं. भाऊने नजर हलवली नाही. खरं बोलणारा माणूस याहून वेगळं काय करतो, हे त्याला माहीत नव्हतं.

"माझ्या दारात उभा होतास ना, इस्त्रीपाशी," मास्तर हळूच म्हणाला, "तेव्हाही असाच सरळ बघत होतास."

त्यात टोमणा नव्हता. त्याने फक्त ताडून पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा माप सारखंच आलं होतं.

"बाबा, आलोच आहोत तर घेऊ या ना," मुलगी म्हणाली.

"चल."

"बाबा."

"घरी चल म्हटलं ना, बेटा. मला आता तूच आहेस."

मुलगी हलली नाही. तिने भाऊकडे पाहिलं, मग दारातल्या मॅडमकडे. मॅडमनी हात पुढे केला, बोलावल्यासारखा, आणि ओरडून काही सांगणं बरं दिसणार नाही म्हणून तो तसाच धरून ठेवला. ती मुलगी शिकलेली होती आणि स्वतःचं भलंबुरं तिला कळत होतं. पण कचेरीने तिच्या आईबद्दल खोटं सांगितलं होतं, शेजाऱ्याने सांगितलं होतं, खिडकीनेही सांगितलं होतं. जगात तिच्याशी एकदाही खोटं न बोललेलं एकच माणूस उरलं होतं, आणि ते तिला घरी बोलावत होतं.

ती त्याच्या मागोमाग निघून गेली.